मागच्या सीटवरून पसंत केलेली गाडी

दिनांक ११ जानेवारी, रविवार

सकाळी साडेसहाला उठले. पाणी भरलं, कपडे वाळत घातले. वाचनालयात पुस्तक परत द्यायला गेले तर ते बंद होतं (रविवारी बंदच असतं, निवृत्त झाल्यापासून वार लक्षात राहत नाहीत). अकरा वाजता गॅरेजमधून मोटारसायकल घरी आणली. जेवून भांडी घासली. थोडं पडावं म्हटलं, झोप आली नाही. आता चार वाजले आहेत.

ती. वन्संना नमस्कार.

तब्येत कशी आहे? थंडीत तुमचा उजवा गुडघा जास्त धरतो, तेव्हा गच्चीचा जिना दिवसातून एकदाच चढत असाल असं मी धरून चालते (चार वेळा चढत असाल हेही मला माहीत आहे). वरचा भाडेकरू पहाटे खुर्च्या ओढायचा, तो अजून ओढतो, की तुम्ही त्याला वळण लावलंत? डाव्या कानाबद्दल मी विचारत नाही. तो ठणठणीत आहे हे तुम्ही मला फोनवर तीन वेळा सांगितलं आहे, आणि तिन्ही वेळा मी काहीतरी दुसरंच विचारलं होतं. म्हणून तर हे पत्र. तेहतीस वर्षं मी इस्पितळात लोकांचे कान तपासले. फोनवर जो माणूस सलग तीनदा "हो, हो" म्हणतो त्याला ऐकू आलेलं नसतं, एवढं मला त्या नोकरीत नक्की कळलं.

वर पहिल्या परिच्छेदात मोटारसायकल हा शब्द आला आहे आणि तुम्ही तो दोनदा वाचला असणार. शाळेत मुख्याध्यापिका असताना लाल पेन हातात घेऊन तुम्ही चष्मा खाली ओढायचात, तसा आत्ताही ओढला असेल. तेव्हा आधी तेच लिहिते. मार्चमध्ये हे गेले आणि पंधराव्या दिवशी मी यांची मोटारसायकल विकली. तुम्ही तेव्हा इथेच होतात. तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवसांत माझ्या भावाची गाडी तुला अडगळ झाली का गं?" तुम्ही संध्याकाळच्या बसने गेलात. त्यानंतर दहा महिन्यांत आपलं बोलणं तीनदा झालं, तिन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या कागदावर सही हवी होती म्हणून. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला उत्तर सुचतं, पण साधारण दहा महिन्यांनी. ते या पत्रात आहे, मधेच कुठेतरी येईल. त्यासाठी पानं उलटू नका, ओळीने वाचा.

(एक गोष्ट आधीच सांगते. चांगलं काही केलं की "हे" आणि नको ते केलं की "तुमचा भाऊ", हा आपला जुना नियम मी इथेही पाळते आहे.)

सप्टेंबरच्या तीस तारखेला मी निवृत्त झाले. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आमच्याकडे सगळ्यांना घड्याळच देतात. आता वेळेचं काही काम उरलं नाही तेव्हा घ्या, असा विचार असावा. हे असते तर ऑक्टोबरात निवृत्त झाले असते. दोघांनी मिळून करायचा तो मोठा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या भावाने तो तुम्हाला दर भेटीत सांगितला आहे: समुद्राच्या कडेचा रस्ता धरून तुमच्या घरी, तिथे दोन दिवस, मग पुढे नव्वद किलोमीटरवर दीपगृह, जिथे तुम्ही दोघं लहानपणी वडिलांबरोबर गेला होतात आणि तुमचा भाऊ वर चढून घाबरला होता (त्याच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही घाबरला होतात). कपाटाच्या दाराला आतून नकाशा लावलेला आहे. त्यावर पेन्सिलीची रेघ आहे. कपाट उघडलं की दिसते. ऑक्टोबरचे पहिले आठ दिवस मी टॉवेल काढायला कपाट उघडत होते आणि नवव्या दिवशी ठरवलं की जायचं.

लेकीला फोनवर सांगितलं. तिने आधी बस सुचवली, मग एक यात्रा कंपनी सुचवली, ज्यात सोबतीला माणूस असतो आणि गरम पाण्याची हमी असते. मी मोटारसायकल म्हटल्यावर तिने विचारलं, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. आता लायसन्स माझ्याकडे चौतिसाव्या वर्षापासून आहे. यांनीच काढायला लावलं होतं; वाटेत माझा पाय मोडला तर मला घरी आणणारं कोणीतरी हवं, असं म्हणायचे. चालवली मात्र लांब अशी एकदाच. एकदा बाहेरगावी तुमच्या भावाची पाठ धरली आणि परतीचे साठ किलोमीटर मी आणली. तुमचा भाऊ मागे बसला होता. प्रत्येक वळणावर त्याने माझ्या घोट्यावर ब्रेक दाबला. घरी उतरल्यावर म्हणाला की पाठ एकदम बरी झाली आहे, आणि पुढे एकवीस वर्षं ती दुखली नाही.

तर सुरुवात जुन्या गाड्यांच्या शोरूमपासून केली. दारातच टाय लावलेला विक्रेता भेटला. साहेब मागून येताहेत का, असं त्याने विचारलं. मी एकटीच आहे म्हटल्यावर त्याने मला फिक्या गुलाबी रंगाच्या स्कूटरपाशी नेलं आणि पुढे पिशवी अडकवायला हूक आहे हे दाखवलं. मी म्हटलं, मला रोज दीडशे किलोमीटर जायचं आहे. तो म्हणाला, रोज एवढी भाजी? (विनोद चांगला होता. मला तो रात्री झोपताना कळला.) शेवटी एक बऱ्यापैकी मोटारसायकल दाखवली. सुरू करायला सांगितली आणि मी सवयीप्रमाणे डोळे मिटून ऐकत उभी राहिले. डोळे उघडले तेव्हा मागे खुर्ची होती, समोर पाण्याचा ग्लास होता आणि तो कोणाला तरी, बाईंना चक्कर आली आहे, असं सांगत होता.

इथे माझी गाडी बघायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. वन्सं, मी एकतीस वर्षं मागे बसले आहे. रस्ता मी फारसा पाहिलेला नाही. तुमच्या भावाची पाठ पाहिली आहे. पण मागे बसणाऱ्याला गाडी जशी कळते तशी चालवणाऱ्याला कळत नाही. चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असतं, मागच्याला दुसरं कामच नसतं. फूटरेस्टमधून तळपायाला मुंग्या कधी येतात, खड्ड्यात मणका आधी बोलतो की शॉकअप, चढावर गिअर बदलायला उशीर झाला की इंजिन कसं कण्हतं, हे सगळं मला मागून कळतं. तेव्हा मी प्रत्येक विकणाऱ्याला सांगत होते, तुम्ही चालवा, मी मागे बसते, एक चक्कर मारून आणा. टायवाल्याला असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. आईच्या वयाची बाई मागे बसली म्हणून तो इतक्या अदबीने चालवू लागला की सायकलवाले पुढे गेले. त्या वेगात गाडीचा कुठलाही दोष बाहेर पडणं शक्य नव्हतं. मी उतरले, आभार मानले आणि बसने घरी आले.

दुसरी गाडी एका दातांच्या डॉक्टरांची. सहा वर्षांची आणि चाललेली फक्त नऊशे किलोमीटर. गाडीखाली सतरंजी होती. त्यांनी ती दूरच्या प्रवासासाठीच घेतली होती. मग दवाखान्याची दुसरी खोली झाली, मग मुलांच्या परीक्षा झाल्या, मग असं करत रविवारी तिच्यावर बसून प्रवासाची पुस्तकं वाचायची एवढंच राहिलं. विकायची त्यांना होती आणि विकत घेणार मी, असं असताना प्रश्न मात्र तेच विचारत होते. गाडी सावलीत राहील का, पावसात कोण पुसेल, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता. स्थळ बघायला आलेल्यांना मुलीचा बाप जसं उलट तपासतो तसं. मी उत्तरं देत होते आणि त्यांच्या मागे दारात उभी असलेली त्यांची बायको मला दोन्ही हातांनी खुणा करत होती, न्या, न्या. चक्कर मारायची म्हटल्यावर ते म्हणाले की आज वारा आहे. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या खालच्या दाढेकडे गेलं. थोडक्यात, गाडी बघायला गेले आणि दाढ भरून आले. दुसऱ्या खेपेला भरलेली दाढ तपासून झाल्यावर त्यांनी हळूच सांगितलं की गाडी विकायचा विचार त्यांनी सोडला आहे, पुढच्या वर्षी जाणार आहेत. दाढ उत्तम आहे.

तिसरी गाडी यांच्या गाडीसारखीच होती. तोच रंग, तेच वर्ष. (आमचीच होती आणि फिरून माझ्याकडे आली, असं लिहून तुम्हाला खूश करता आलं असतं, पण तसं काही झालं नाही. आमच्या गाडीच्या टाकीला पोचा होता, हिच्या नव्हता.) मालकाने सुरू केली. मी डोळे मिटले, लगेच उघडले, चेन ढिली आहे असं सांगितलं आणि निघाले. चेन ढिली नव्हती.

आता ते दहा महिन्यांचं उत्तर. आमच्या तळमजल्यावरचे काका तुम्हाला आठवत असतील, बसचे निवृत्त ड्रायव्हर. माणूस चांगला. हे गेल्यावर त्यांना वाटलं की गाडी उभी राहून बॅटरी बसेल. मला त्रास नको म्हणून मला न सांगता त्यांनी किल्ली लेकीकडून घेतली, आणि रोज संध्याकाळी सव्वासहाला ते गाडी सुरू करून पाच मिनिटं ठेवायला लागले. सव्वासहा का, तर तेव्हा त्यांचा फेरफटका संपतो. हे कामावरून सव्वासहालाच यायचे. मी वर स्वयंपाकघरात असायचे. गाडीचा आवाज आला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जायचा. दोन कप पाणी मोजून ठेवायचं, साखर घालायची, आणि मग खाली आवाज बंद व्हायचा आणि जिन्यावर कोणीच नसायचं. असं आठ दिवस झालं. तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. तुम्हाला वाटायचं मी चहा तुमच्यासाठी केला आहे, आणि तुम्ही रोज म्हणायचात की आत्ता कशाला केलास. काकांना नका करू म्हणून सांगायला हवं होतं. पण ते इतक्या आपुलकीने करत होते की मला ते सांगता येईना. गाडी विकणं त्यापेक्षा सोपं वाटलं. वन्सं, ती मला अडगळ झाली नव्हती. मला तिचा आवाज फार नीट ऐकू येत होता. बस, एवढंच.

पुढे चला. तिथे बरी गंमत आहे.

चौथी गाडी जमिनी मोजणाऱ्या एका निवृत्त मोजणीदारांची. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात आणि ज्याने यांची गाडी वीस वर्षं सांभाळली, तो या वेळी बरोबर आला. मी एकटी फिरते आहे हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि ते त्याला आवडलं नव्हतं. एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली गाडी. रंग गेलेला, एका बाजूला ओरखडे, आरसा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. मोजणीदार मितभाषी होते. मी विचारीन तेवढ्याचं ते एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि तो शब्द बहुतेक वेळा "चांगली" असायचा. तेवढ्यात त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. पंचवीस वर्षं या बाई मोजणीच्या साखळीची पेटी मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. मी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा प्रश्न विचारणारं माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पन्नासच्या पुढे उजव्या पायाला मुंग्या येतात, साठच्या पुढे जातात. जुन्या सीटने कंबर गेली म्हणून त्यांनी गादीवाल्याला घरी बोलावून मागची सीट स्वतःच्या मापाने भरून घेतली, पाठीला टेकायला कठडा लावून घेतला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पाय फार दुमडायला नको म्हणून मागचे फूटरेस्ट चार बोटं खाली आणि पुढे बसवून घेतले. मोजणीदार म्हणाले, हे मला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही कधी मागे वळून बघितलंत?" मोजणीदार गाडीचं कापड घेऊन आरसा पुसायला लागले.

वस्तादने इंजिन ऐकून निकाल दिला की आवाज स्वच्छ आहे. मला तर बारीक टिक्-टिक् ऐकू येत होती, वरच्या पट्टीत. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, बाई, मी चाळीस वर्षं इंजिनं ऐकतो आहे. त्यावर मी त्याला अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि आवाज आला की बोट वर करायचं, असं बजावून त्याच्या दोन्ही कानांमागे किल्ल्या वाजवल्या. त्याचं बोट शेवटपर्यंत खाली राहिलं. चाळीस वर्षं इंजिनं ऐकली त्याचाच हा परिणाम. मोजणीदारांची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. वस्तादला मात्र पटेना. त्याने पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. ही मेकॅनिक लोकांची जुनी पद्धत आहे, आणि आमच्या तपासणीतही हाच प्रकार असतो. कानाने दगा दिला तरी हाडातून ऐकू येतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, आहे. टॅपेट आहे. (इंजिनातल्या झडपांपाशी फट वाढली की ते वाजतं.) मग बराच वेळ तो पेचकसाकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो मला बाई म्हणत नाही, मॅडम म्हणतो.

मग मोजणीदारांनी मला मागे बसवून अडतीस किलोमीटर फिरवून आणलं. चढ, उतार, खडी, एक पूल. वन्सं, एकतीस वर्षांत इतकी सुखाची मागची सीट मला मिळाली नव्हती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. कागदपत्रं झाली, हात जोडून झाले, मोजणीदारांच्या बायकोने सीटवरून एकदा हात फिरवला. आणि फाटकापाशी वस्तादने गाडी ढकलता ढकलता विचारलं, "मॅडम, मागे बसून तुम्ही सगळं बघितलंत. पुढे कोण बसणार?"

मी म्हटलं, मी.

"पुढे बसून बघितलंत?"

नव्हतं बघितलं. चार गाड्या, सहा आठवडे, आणि एकदाही पुढे बसले नव्हते. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या सीटवर मी कधीच बसणार नाही ती मी तळपायापासून मणक्यापर्यंत तपासली होती, आणि जिच्यावर बसायचं तिचा रंगसुद्धा मला सांगता आला नसता. तिथेच टांग टाकून बसले तर पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागले. मोजणीदार सहा फूट आहेत. वस्तादच्या चेहऱ्यावर पेचकसाची परतफेड झाल्याचं समाधान होतं. त्याने नंतर पुढची सीट कापून दीड इंच खाली घेतली, मागचा शॉकअप थोडा बसवला. आता माझे पाय टेकतात. मागच्या सीटला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही, त्यामुळे पुढचीपेक्षा ती चांगली वर दिसते. पुढे बसणारा चालक आणि मागे बसणारं माणूस गाडीचा मालक, असं काहीतरी दिसतं.

नोव्हेंबरअखेरपासून रोज सकाळी इस्पितळामागच्या मैदानावर मी सराव केला. एकदाच पडले, तेही उभ्या गाडीवरून. थांबले होते, पाय टेकायचा राहून गेला, आणि गाडी आणि मी अगदी सावकाश, कसलीही घाई न करता, डावीकडे आडव्या झालो. सकाळी फिरायला येणारा सगळा गट बघत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती. मैदान सपाट आहे. तळमजल्याचे काका धावत आले. आता ते रोज मैदानावर येतात आणि दोन विटा ठेवून त्यांच्यामधून मला आठाचा आकडा काढायला लावतात. या गाडीची किल्ली फक्त माझ्याकडेच राहील, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. मागच्या रविवारी एकशे दहा किलोमीटर जाऊन आले. गाव मागे गेल्यावर एका जागी थांबले, पाणी प्यायले आणि परत आले. जाताना सगळा रस्ता दिसला. मधे कोणाची पाठ नव्हती. पहिले दहा किलोमीटर ते चांगलं वाटलं नाही. मग वाटलं.

वस्तादने विचारलं की मागची सीट रिकामीच आहे तर तिच्यावर सामानाची पेटी बसवू का. लेकही तेच म्हणते. मी त्याला थोडं थांब म्हटलं आहे. पेट्या दोन्ही बाजूंना लावून घेतल्या. त्यात माझे कपडे मावतात.

बाकी इथे ठीक. तुम्ही थंडीचं बाहेर निघताना कान बांधत जा, दोन्ही. रागावला असाल तर असा, पण जिना कमी चढा. मोठ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, आता तुमच्याहून मोठं तिथे कोणी नाही, म्हणून तो तुम्हालाच पुन्हा एकदा.

तुमची,
भावजय

ता. क. यांचं पांढरं हेल्मेट मार्चपासून घरात नाही. मी दहा दिवस शोधलं, माळ्यावरही चढले. मग आठवलं की त्या संध्याकाळी बसस्टँडवर तुमची कापडी पिशवी एका बाजूने गोल झाली होती आणि तुम्ही ती मला उचलू दिली नव्हतीत. मी ते परत मागत नाही. फक्त डोक्यात घालून बघा. तुमच्या घराण्याचं डोकं एकाच मापाचं आहे, तेव्हा बसेल. हनुवटीखालचा पट्टा यांच्या मापाला सैल आहे. आतल्या बाजूला बकल आहे, ते दोन खाचा ओढा.

आणखी एक. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. एक फेब्रुवारीला सकाळी निघते आहे. रोज दीडशेच्या वर जाणार नाही, म्हणजे तीन तारखेला संध्याकाळी तुमच्या दारात. पाचला सकाळी दीपगृहाकडे. नव्वद किलोमीटर आहेत, वाटेत दोनदा थांबू. चाळीसच्या वर नेणार नाही, पण माझ्या घोट्यावर ब्रेक दाबायचा नाही. कोण घाबरलं होतं त्याचा निकाल तिथेच वर उभं राहून लावू.

आणखी एक. मागची सीट मी सवयीने, चुकून तपासली असं वर लिहिलं आहे. पहिल्या तीन गाड्यांच्या बाबतीत ते खरं आहे. मोजणीदारांच्या बायकोने गुडघ्यासाठी फूटरेस्ट खाली घेतल्याचं दाखवलं, तेव्हा मी तुमचाच गुडघा डोळ्यांपुढे आणला होता. हे वस्तादला सांगू नका.

शेवटचं. गाडीवर कसं ऐकू येणार ही काळजी नको. काही बोलायचं असलं की तुमचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला मागून टेकवायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. टेकलं की ऐकू येतं, डावा कान असो की उजवा. आम्ही एकतीस वर्षं तसंच बोललो. यायचं नसेल तर फोन करून "नाही" एवढंच सांगा. "हो, हो" म्हणालात तर मी ते ऐकू आलं नाही असं धरीन आणि तरीही येईन.

सव्वासहा झाले. गाडीवर कव्हर घालायचं राहिलं आहे. त्याला दोन माणसं लागतात, एक या टोकाला, एक त्या. मी एका टोकावर वीट ठेवते आणि दुसरं टोक ओढत पलीकडे जाते. पाकिटाला तिकीट लावून झालं की खाली जाऊन घालून येते.